बाग तोडा म्हणणाऱ्यांना उत्तर

द्राक्षबागांवर संकट कोसळलं की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. पुण्या-मुंबईच्या चर्चेत तो ऐकू येतो, अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडला जातो, आणि अलीकडे कोरडवाहू शेतकऱ्यांची बाजू घेणारी काही मंडळीही तो बोलू लागली आहेत. द्राक्ष हे पैसेवाल्या बागायतदाराचं पीक आहे. त्यातला काही माल वाईनला जातो, म्हणजे चैनीला जातो. पाणी मायंदाळ लागतं, औषधं मायंदाळ लागतात. हवामान बदललं असेल, तर ज्याला परवडत नाही त्याने बाग तोडावी आणि दुसरं पीक घ्यावं. सोयाबीन-कापूसवाला हवालदिल असताना द्राक्षावर प्लॅस्टिक अंथरायला सरकारी पैसा का द्यायचा? बाजार ज्याचं त्याला शिकवेल.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मी पुढे मान्य करणार आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतल्या हजारो कुटुंबांच्या बाबतीत तो क्रूरही आहे. ज्यांनी तो काढला त्यांनी वेलीचं वर्ष कसं चालतं हे पाहिलेलं नाही.

वेलीचं वर्ष दोन छाटण्यांत विभागलेलं असतं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. लांबून बघणाऱ्याला वाटतं की पीक गोडी छाटणीपासून सुरू होतं, कारण घड त्यानंतर दिसतात. प्रत्यक्षात घड ठरतो तो उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर जी नवी काडी फुटते, तिच्या एकेका डोळ्याच्या आत पुढच्या दीड-दोन महिन्यांत सूक्ष्म घड आकार घेत असतो. त्याला लख्ख ऊन लागतं, ऊब लागते, पाण्याचा थोडा ताण लागतो. आभाळ भरलेलं राहिलं आणि जमीन ओली राहिली, की वेल पाला आणि शेंडे वाढवत सुटते आणि डोळ्यात घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तंतू, धरते.

२०२५ चा मे महिना आठवून पाहा. महाराष्ट्रात महिन्याच्या सुरुवातीपासून अवकाळी पाऊस होता, आणि २६ मे रोजी तर मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. शहरात त्याचं कौतुक झालं. उन्हाळा सुसह्य गेला म्हणून लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. द्राक्षपट्ट्यात त्याच दिवसांत डोळ्यांच्या आत पुढचा हंगाम घडत होता, किंवा बिघडत होता. ते कळलं ऑक्टोबरमध्ये. गोडी छाटणी झाली, डोळे फुटावेत म्हणून पेस्टिंग झालं, डोळे फुगले, पोंगा (कोवळी फूट) बाहेर आला. चार-पाच पानं उलगडल्यावर जिथे घड दिसायला हवा तिथे दोऱ्यासारखी हिरवी बाळी वळवळताना दिसली. काही बागांत दहा काड्या तपासाव्यात तेव्हा दोन-तीन घड. आणि तरीही बाग वरून हिरवीगार. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला, तलाठ्याला, विमा कंपनीच्या प्रतिनिधीला तिथे काही बिनसलंय हे दिसणारच नाही.

माझ्या प्रतिवादाचा गाभा इथेच आहे. आपली सगळी मदतव्यवस्था नुकसानीला एक घटना मानते. गारा पडल्या, पंचनामा झाला, टक्केवारी ठरली, रक्कम जमा झाली. द्राक्षवेलीला बसलेला मार मात्र सहा महिन्यांनी वर येतो, आणि जो शेतकरी तेव्हा कार्यालयात जातो त्याला विचारलं जातं की पाऊस कोणत्या तारखेला झाला. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजना २०१६ पासून चालू आहे. तिच्यात मुख्य हंगामाच्या द्राक्षाला संरक्षण मिळतं ते ऑक्टोबरच्या मध्यापासून. म्हणजे मे-जूनमध्ये डोळ्यात घडलेलं नुकसान कागदावर कुठेच नाही. सप्टेंबरमध्ये छाटणी घेणाऱ्याची पोंगा अवस्था, जिथे पावसाने घड कुजतात आणि गळतात, तीही बऱ्याच अंशी बाहेर. बागलाण तालुक्यातले शेतकरी तर पावसाळ्यातच छाटणी घेतात, डिसेंबरात माल बाजारात आणतात, बाकी पट्ट्याच्या आधी. त्यांचा निम्मा हंगाम मुख्य हंगामाच्या या तारखा सुरू होण्याआधीच संपलेला असतो.

जो काळ विम्यात बसतो, त्यातही मोजमाप कशाचं होतं? महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, ढोबळमानाने एका महसूल मंडळाला एक. कोरडवाहू पिकाच्या पावसाचा अंदाज घ्यायला हे मोठं काम आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण गारांचा पट्टा कधीकधी एका शिवाराचा असतो. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी निफाड तालुक्यात आणि आजूबाजूला जे झालं, त्यात एका गावच्या बागा कांबळ फाटावं तशा फाटल्या आणि शेजारच्या गावात फक्त पाऊस झाला.

डावणी या रोगाचं गणित तर मिलिमीटरमध्ये बसतच नाही. संध्याकाळी चार थेंब पडतात. केंद्रावर त्याची नोंद जवळपास शून्य. पण आभाळ निवळत नाही, वारा थांबतो, पान रात्रभर ओलं राहतं. काही दिवसांत पानाच्या वरच्या अंगाला पिवळसर तेलकट डाग दिसतो. पान उलटं केलं की त्याच जागी पांढरी लव. घड फुलोऱ्यात असेल तर दोन दिवसांत देठापासून तपकिरी पडतो आणि हात लावताच गळतो. शेतकरी रात्रीच फवारायला निघतो, काळ्या जमिनीत ट्रॅक्टर रुततो, मग पाठीवर पंप घेऊन एकेक ओळ धुऊन काढतो, आणि पहाटे पुन्हा भुरभुर सुरू झाली की फवारलेलं सगळं धुऊन जातं. या रात्रीची नोंद कुठल्याच यंत्रात होत नाही. पान किती तास ओलं होतं हे मोजणारं साधं उपकरण असतं. रोगाचा इशारा द्यायला जगभरच्या बागांत ते वापरतात, आपल्याकडेही काही बागायतदारांनी स्वतःच्या पैशाने बसवलं आहे. विम्याच्या निकषात पानाच्या ओलाव्याला जागा नाही.

आणि सरकारी मदत मिळाली तरी किती? केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार बहुवार्षिक फळपिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच. राज्य सरकार अधूनमधून त्यात भर घालतं, हे खरं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात द्राक्षपट्टा धुऊन निघाला तेव्हा राष्ट्रपती राजवटीत मात्र फळबागांना हेक्टरी १८,००० रुपयेच जाहीर झाले होते. हेक्टरी २२,५०० म्हणजे एकरी नऊ हजार. आज एक एकर बागेचा हंगामी खर्च लाखांत मोजला जातो. एकरी नऊ हजारांत डावणीच्या तडाख्यात सापडलेल्या बागेच्या मोजक्या फवारण्या होतात. ही मदत घेणाऱ्याला चैनी म्हणणं मला तरी जमणार नाही.

आता श्रीमंतांचं पीक या आरोपाकडे येतो. द्राक्षात मोठे बागायतदार आहेत. बंगले आहेत, मोठ्या गाड्या आहेत, निर्यातीचे कंटेनर आहेत. पण द्राक्षपट्ट्यातला नेहमीचा माणूस दोन-तीन एकर बागेचा धनी आहे. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं पीककर्ज आहे, बँकेचं मांडवाचं कर्ज आहे, औषध दुकानदाराची उधारी आहे, आणि माल घेऊन पैसे न देता पळून जाणाऱ्या व्यापाऱ्याची टांगती तलवारही आहे. त्याच्या बागेत पेठ, सुरगाणा, कळवणच्या आदिवासी पाड्यांवरून मजुरांच्या टोळ्या येतात. छाटणी, पेस्टिंग, विरळणी, डिपिंग, तोडणी अशा प्रत्येक कामाचे एकरी दर ठरतात, आणि हंगामभर ही कुटुंबं बागांच्या आडोशाला राहतात. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसणाऱ्या बाया आहेत. बाग तुटली की बागायतदार कसाबसा मक्याकडे, कांद्याकडे किंवा उसाकडे वळेल. विरळणीला येणाऱ्या बाईला मक्यात विरळणी नाही. ‘कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा बागायतदाराला का?’ असं विचारणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की पेठ-सुरगाण्याचा भात-नागलीवाला कोरडवाहू शेतकरीच हिवाळ्यात दिंडोरी-निफाडच्या बागेत मजूर असतो. त्याचं वर्ष या दोन ठिकाणच्या कमाईवर उभं आहे.

‘बाजार शिकवेल’ या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो आणि द्राक्षाच्या बाबतीत सर्वांत पोकळ आहे.

महाराष्ट्राचा द्राक्षबागायतदार हातावर हात ठेवून बसणारा कधीच नव्हता. तासगाव भागातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतून वेगळी वेल हेरून ‘तास-ए-गणेश’ दिला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ दिला. दुष्काळात आणि खारपड जमिनीत बागा टिकेनात तेव्हा शेतकऱ्यांनी स्वमुळावरची लागवड सोडून डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करायला सुरुवात केली आणि काही वर्षांत पट्ट्याचं चित्र बदललं. ज्यांना कुणी शिकवायची गरज नाही असे शेतकरी शोधायचे असतील तर ते इथे सापडतील.

पण या वाणांमध्ये निवड कशाची झाली ते बघा. लांब मणी, हिरवा रंग, गोडी, टिकाऊपणा. बाजार ज्याचे पैसे देतो तेच गुण. डावणीला तोंड देणारा, फुलोऱ्यात पाऊस झाला तरी न गळणारा, साखर भरताना पावसाने मणी न तडकणारा वाण कुणा एका शेतकऱ्याने निवडावा यासाठी बाजारात एक रुपयाही जास्त मिळत नाही. गिऱ्हाईक मण्याची लांबी बघतं. वेलीने किती रोग सोसला हे त्याला दिसत नाही आणि दिसायचं कारणही नाही. म्हणून हा गुण बाजारातून कधीच येणार नाही. तो यायचा तर पंधरा-वीस वर्षं चालणाऱ्या सार्वजनिक संशोधनातून येईल. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. त्याने मांजरी नवीन, मांजरी मेडिका, मांजरी किशमिश असे वाण दिले आहेत. तिथे पैसा, माणसं आणि क्षेत्र वाढवा, असं म्हणणं म्हणजे बागायतदाराचे लाड करणं नव्हे.

दुसरा मार्ग आहे तो परदेशी पेटंट वाणांचा. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने आरा वाण परवान्यावर आणले, हे धाडसाचं आणि चांगलं काम आहे. पण परवान्याचा वाण सगळ्यांच्या बागेत जाऊ शकत नाही. ज्याला तो परवडतो तो पावसातून वाचेल आणि ज्याला परवडत नाही तो वाचणार नाही, अशी विभागणी हवामान बदलाच्या काळात सरकारने मुकाट्याने होऊ द्यावी का?

बाजाराने शिकवलेला एक धडा आपण पाहिलेलाही आहे. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाईनला करसवलती दिल्या, विंचूरला वाईन पार्क झालं. शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की वाईनची द्राक्षं लावा, करार करा. शिराज, कॅबर्ने, सोव्हिन्यॉ ब्लाँ अशी नावं निफाड-दिंडोरीच्या बांधावर ऐकू येऊ लागली. मग २००८ ची जागतिक मंदी आली, साठे पडून राहिले, अनेक वायनऱ्या अडचणीत आल्या, काही बुडाल्या, आणि करार असूनही माल उचलला गेला नाही. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, बियांचा, आंबट-गोड. तो खाण्याच्या बाजारात कुणी घेत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. बाजाराने शिकवलं ते इतकंच की पुन्हा वाईनचं द्राक्ष लावू नका. आज हवामानाच्या दृष्टीने त्यातल्या काही वाणांचा उपयोग तपासायची वेळ आली आहे, तर तो शेतकरी कानाला खडा लावून बसलेला आहे.

तो उपयोग काय असू शकतो? वाईनच्या द्राक्षाला दिसणं महत्त्वाचं नसतं. मणी लांब हवा म्हणून जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) डिपिंगची, घड देखणा हवा म्हणून मणी-मणी विरळणीची गरज तिथे तशी नाही. मण्यावर एखादा डाग पडला तर निर्यातीचा कंटेनर जसा नाकारला जातो, तसा वाईनचा माल नाकारला जात नाही. पण वाईनलाही नवं संकट आहेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या कुठल्याही फेब्रुवारीपेक्षा जास्त होतं. तोडणीचा महिना तोच. उन्हाने साखर भराभर चढते आणि आम्ल तितक्याच वेगाने उतरतं. मग वाईन जड आणि बेचव होते. म्हणून पहाटे तोडणी करणं, पांढऱ्या वाणांची तोडणी आधी आटपणं, घडावर पानांची सावली ठेवणं हे सगळं वायनऱ्या करतात. पण फ्रान्सच्या बोर्दोमध्ये जे वाण शंभर-दोनशे वर्षांपूर्वी रुळले, तेच नाशिकच्या फेब्रुवारीत का लावायचे, हा प्रश्न कुणी गंभीरपणे विचारत नाही. बाटलीवर ते नाव असलं की ती विकली जाते, हे त्याचं कारण.

गंमत म्हणजे खुद्द बोर्दो त्या नावांना चिकटून राहिलेलं नाही. २०२१ च्या जानेवारीत फ्रान्सच्या मानांकन संस्थेने बोर्दोसाठी सहा नवे वाण मंजूर केले, त्यात पोर्तुगालचा तुरिगा नासिओनाल आणि अल्व्हारिन्यो आहेत. लागवडीच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मिश्रणात १० टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा घालून, पण मंजूर केले. त्यामागे फ्रान्सच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने बोर्दोत २००९ मध्ये लावलेली, पन्नासहून अधिक वाणांची प्रयोगबाग आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की तापमान दोन अंशांनी वाढलं तर आजच्या वाईनपट्ट्यांपैकी ५६ टक्के क्षेत्र अयोग्य ठरू शकतं. वाण बदलले तर हाच आकडा २४ टक्क्यांवर येतो. हा फरक एकेकट्या शेतकऱ्याच्या हिमतीने पडत नाही. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समध्ये कडाक्याच्या थंडीने कोवळी फूट जळाली तेव्हा तिथल्या सरकारने एक अब्ज युरोंची मदत जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने वाईनक्षेत्राच्या हवामान-अनुकूल गुंतवणुकीचा ८० टक्क्यांपर्यंतचा खर्च युरोपीय निधीतून द्यायचा प्रस्ताव मांडला. बाजाराचे पुरस्कर्ते ज्या देशांचे दाखले देतात, त्या देशांनी आपला द्राक्षशेतकरी बाजारावर सोडलेला नाही.

आपल्याकडेही सार्वजनिक हात लागला तेव्हा काय झालं याचा पुरावा आहे. कीडनाशकांच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडायला लागला तेव्हा केंद्राची कृषी निर्यात संस्था अपेडा आणि मांजरीच्या केंद्राने मिळून अंश तपासणीची योजना उभी केली, बागेची नोंदणी, प्रयोगशाळांची साखळी, ग्रेपनेट. २०१० मध्ये लिहोसीन या वाढनियंत्रकाच्या अंशावरून कंटेनर अडकले आणि बागायतदार अक्षरशः रस्त्यावर आले. तरी ती व्यवस्था मोडली नाही, आणखी काटेकोर झाली. २०२३-२४ मध्ये देशाने ३ लाख ४३ हजार टनांहून जास्त द्राक्षं निर्यात केली, ३,४६० कोटी रुपयांची. कष्ट शेतकऱ्याचे, पण ज्या शिडीवरून तो चढला ती सार्वजनिक पैशाने बांधलेली होती. तेव्हा कुणी म्हटलं नाही की ज्याला अंशमुक्त द्राक्ष पिकवता येत नाही त्याने बाग तोडावी.

वाईनच्या नैतिक आक्षेपाबद्दल थोडक्यात. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि त्यावर मोठं वादळ उठलं. विक्री कुठे व्हावी यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. ज्यांच्या घरात दारूने माणसं गेली त्यांचा राग मला समजतो. पण तो प्रश्न दुकानाचा आहे. देशातल्या द्राक्षांचा अगदी थोडा वाटा वाईनला जातो, बाकी सगळं ताटात, बेदाण्यात आणि निर्यातीत. वाईनचं नाव पुढे करून अख्ख्या द्राक्षपट्ट्याची मदत रोखणं म्हणजे उसापासून मळीचं मद्य बनतं म्हणून ऊसउत्पादकाला पाणी नाकारण्यासारखं आहे. ते कुणी सुचवत नाही.

आता विरोधकांचे जे दोन मुद्दे मला मान्य आहेत ते. पाणी. चांदवड, सिन्नर, कवठेमहांकाळकडे बोअर पाठोपाठ बोअर घेत बागा जगवल्या गेल्या आणि भूजल खाली गेलं, हे खरं आहे. ज्या गावात पिण्याचं पाणी टँकरने येतं तिथे नवीन बागेला सरकारी मदत मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ठिबक, आच्छादन, शेततळं यांच्या जोरावर कमी पाण्यात जगणाऱ्या जुन्या बागा वाचवाव्यात, नव्यांना उत्तेजन देऊ नये. दुसरा मुद्दा प्लॅस्टिकचा. इटलीच्या पुलिया भागात खाण्याच्या द्राक्षांच्या बागा बऱ्याच काळापासून प्लॅस्टिकखाली आहेत, आणि आपल्याकडेही ज्यांनी कव्हर टाकलं त्यांची बाग अवकाळीत वाचली, शेजाऱ्याची गेली, हे पट्ट्यातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. पण कव्हरचा खर्च एकरी काही लाख, ते काही वर्षांत फाटतं, आणि फाटलेलं प्लॅस्टिक नाल्यात जातं. जे अनुदान देतील त्यांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकलीच पाहिजे. प्रत्येक बागेत प्लॅस्टिक नको असेल तर पावसाला न जुमानणारे वाण हवेत, आणि त्यासाठी मांजरीच्या प्रयोगांना निधी हवा; हे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे.

‘मग बाग तोडून दुसरं पीक का घेत नाही?’ याचं उत्तर बागेच्या वयात आहे. खुंट लावायचा, त्यावर कलम करायचं, मांडव उभा करायचा. पहिलं पीक यायला दीड-दोन वर्षं जातात. पुढे बाग बारा-पंधरा वर्षं चालते. मांडवाचे अँगल, तारा, ठिबक हे सगळं कर्जावर असतं आणि ते कर्ज बागेच्या वयाचं असतं. ऑक्टोबरमध्ये पाऊस झाला म्हणून नोव्हेंबरमध्ये पीक बदलायचं, हे सोयाबीनवाल्याला जमेल, द्राक्षवाल्याला नाही. त्याला पंधरा वर्षांचा निर्णय आजच्या माहितीवर घ्यावा लागतो, आणि माहिती मात्र त्याला चार दिवसांच्या अंदाजापलीकडे कुणी देत नाही. येत्या दहा वर्षांत ऑक्टोबरचा पाऊस कुठल्या तालुक्यात वाढेल, थंडीचे दिवस किती कमी होतील, गोडी छाटणी कुठे पुढे ढकलावी लागेल, हे सांगणं हे एकट्या शेतकऱ्याचं काम नव्हे.

म्हणून मी मागतो आहे ते उपकाराचं नाही. विम्याचा काळ वेलीच्या कॅलेंडरने ठरवा, खरड छाटणीपासून तोडणीपर्यंत. बागलाणच्या लवकरच्या छाटणीलाही तोच न्याय लावा. काडीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, जी शेतकरी आज पदरच्या पैशाने छाटणीआधी करून घेतो, ती घडनिर्मितीच्या नुकसानीचा पुरावा म्हणून मान्य करा. त्यासाठी कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा शिक्का पुरेसा असावा. पानाचा ओलावा मोजणारी उपकरणं गावागणिक बसवा, आणि त्यांच्यावरून डावणीचा इशारा सगळ्यांच्या मोबाईलवर जाऊ द्या, एकट्या श्रीमंत बागायतदाराच्या नाही.

वायनऱ्यांबाबत एक गोष्ट वेगळी. वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत देण्याची योजना राज्याने चालवली आहे. हा परतावा जनतेचा पैसा आहे. तो घेणाऱ्या वायनरीने शेतकऱ्याशी बहुवर्षीय लेखी करार करावा, त्यात किमान भाव असावा, अवकाळीने साखर कमी भरली किंवा उत्पादन घटलं तर तोटा वाटून घ्यायची अट असावी, आणि बागेत किमान काही ओळी नव्या वाणांच्या प्रयोगाला द्याव्यात. २००८ नंतर जो शेतकरी बाग उपटून गेला तो या अटीशिवाय परत येणार नाही, आणि त्याने येऊही नये.

फळपीक विम्याच्या तारखा आणि निकष शासन निर्णयाने ठरतात आणि शासन निर्णयानेच बदलता येतात. त्यासाठी कायदा करावा लागत नाही, परदेशातून तंत्र आणावं लागत नाही. येत्या एप्रिलची खरड छाटणी सुरू व्हायच्या आधी तो निर्णय निघाला, तर पुढच्या मे महिन्यात ढग भरून आले तरी निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराच्या वेलीच्या डोळ्यातलं नुकसान कुठेतरी नोंदलं जाईल. राज्याच्या कृषी विभागाला हे करता येतं. बाग तोडा म्हणणाऱ्यांनी आपली शक्ती त्या शासन निर्णयामागे लावावी.